जेवढं कुलूप, तेवढी तपासणी

(व्यसनमुक्ती केंद्रांवरील सरकारी देखरेख या विषयावर स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पक्षकार समोर बसला की दोन प्रश्न विचारत, असं इथली जुनी मंडळी सांगतात. पहिला, "कागद काय म्हणतो?" आणि दुसरा, "बरं, खरं काय घडलं?" आजचा माझा विषय या दोन प्रश्नांच्या मधल्या अंतरात आहे. व्यसनमुक्ती केंद्रांबद्दल आपल्याकडे चांगला कायदा आहे. केंद्राच्या आत जे घडतं, ते मात्र बहुतेक वेळा त्या कायद्याच्या गावीही नसतं.

मी मनोविकार समाजसेवक म्हणून नोकरी केली. तपासणीच्या पथकांबरोबर जाणं हा त्या नोकरीचा भाग होता. त्यातून माझं जे मत झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा तास तुम्हाला कोडं घातल्यासारखं वाटणार नाही. केंद्राच्या हाती आतल्या माणसावर जेवढी सत्ता, तेवढी त्या केंद्रावर सरकारची नजर हवी. दार उघडं असेल तर थोडकी तपासणी चालेल. दाराला बाहेरून कडी असेल, तर त्या कडीचा हिशेब दर महिन्याला द्यावा लागला पाहिजे.

महाराष्ट्राला या कामाचा मोठा वारसा आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये वांद्र्याला 'कृपा फाउंडेशन' सुरू केलं. १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने 'मुक्तांगण' उभं केलं. गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तेव्हा मुंबई-पुण्यातली तरुण मुलं अक्षरशः खाऊन टाकायला सुरुवात केली होती. या संस्थांनी आपल्याला एक गोष्ट शिकवली, की व्यसनी माणूस हा आजारी माणूस आहे आणि त्याच्याशी माणसासारखं वागलं तर तो बरा होऊ शकतो. आज आपण 'केंद्र' म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे नकळत या संस्था असतात, आणि त्यांनी कमावलेल्या विश्वासावर दुसरेच लोक दुकानं चालवतात. बायपासजवळचा भाड्याचा बंगला, बंद पडलेलं मंगल कार्यालय, लॉजचा वरचा मजला, अशा जागी पाटी लागते आणि पाटीवर उगवत्या सूर्याचं चित्र असतं.

आत काय चालतं ते जरा जवळून पाहू. घरून फोन जातो. केंद्राची गाडी येते ती बहुधा रात्री उशिरा किंवा पहाटे, कारण त्या वेळी माणूस घरात सापडतो. तिघे-चौघे उतरतात, त्यांतले काही त्याच केंद्रातले जुने पेशंट असतात. ओढाताण होते, शेजारचे दिवे लागतात, गाडी निघून जाते. केंद्रात पोचल्यावर मोबाईल, पाकीट, पट्टा, चपला जमा. हॉलमध्ये रांगेने गाद्या, खिडकीला दुहेरी ग्रिल. अनेक ठिकाणी पहिले पंधरा दिवस घरच्यांची भेट नाही आणि फोनही नाही. कारण विचारलं तर सांगतात, "आवाज ऐकला की रडतो, मग घरचे विरघळतात आणि घेऊन जातात."

आता वैद्यकशास्त्र काय सांगतं ते पाहा. रोज भरपूर दारू पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात. पहिल्या एक-दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, माणसं ओळखू येत नाहीत, अंगात ताप भरतो, नाडी धावते. याला डॉक्टर डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. उपाय अवघड नाही. थरथर आणि फीट आवरणाऱ्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी करत द्यायच्या, थायमिनचं इंजेक्शन द्यायचं, नाडी आणि रक्तदाब पाहत राहायचं. पण हे करायला डॉक्टर लागतो, नर्स लागते. ज्या घरात वॉर्डन म्हणून जुना पेशंट आणि औषध म्हणून दरडावणी एवढीच सामग्री आहे, तिथे भ्रमातल्या माणसाला 'नाटकं करतोय' असं म्हणून बांधून ठेवलं जातं. सकाळी तो उठला नाही तर डायरीत 'हृदयविकार' लिहिलं जातं. म्हणून तपासणीला गेलेल्या माणसाचा पहिला प्रश्न एकच असायला हवा. नवीन पेशंटच्या पहिल्या चार रात्री इथे डॉक्टर कोण असतो आणि तो कुठे झोपतो?

हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेचा धोका वेगळा आहे. तिथे जीव जातो तो बहुतेक वेळा बाहेर पडल्यावर. महिना-दोन महिने नशा तुटली की शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर येऊन माणसाने जुनाच डोस घेतला की तो त्याला झेपत नाही. केंद्राचं रजिस्टर मात्र 'बरा होऊन घरी गेला' या शेऱ्यावर संपतं, आणि त्या शेऱ्याच्या पुढच्या आठवड्यात काय झालं हे कोणी विचारत नाही.

मग लोक अशा ठिकाणी का जातात? अडाणी असतात म्हणून जातात, असं मानणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'च्या तज्ज्ञांनी केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. दारूमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ५.७ कोटी लोक देशात आहेत, असा त्याचा अंदाज होता. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते आणि १८० पैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळाले होते. हे आकडे डोळ्यांपुढे ठेवा आणि मग तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बाईचा विचार करा. नवरा रात्री कोयता घेऊन दारात उभा आहे, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून ठरलेल्या दिवशी भेटतो, ठाण्याचं किंवा येरवड्याचं मनोरुग्णालय दूर आहे. अशा वेळी कोणी तरी फोनवर म्हणतं, "ताई, काळजी करू नका, गाडी पाठवतो." ती बाई अंगावरचं सोनं मोडून फी भरते. तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून आजच्या बोलण्यातला एक शब्दही मी तिच्याविरुद्ध वापरणार नाही. बोट ठेवायचं आहे ते तिला दुसरं दार न देणाऱ्या व्यवस्थेवर.

आता कागद काय म्हणतो ते पाहू. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे एका खासगी 'मनोरुग्ण गृहा'ला आग लागली. दर्ग्याच्या आसऱ्याने उभ्या राहिलेल्या अशा गृहांत माणसं साखळदंडाने बांधून ठेवत. आग लागली तेव्हा त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. मनोरुग्णांच्या संस्थांना परवाना लागेल असं सांगणारा १९८७ चा कायदा तेव्हा देशात होता. त्याची अंमलबजावणी नव्हती, एवढंच. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि मग राज्यं जागी झाली.

त्या कायद्याची जागा आज मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने घेतली आहे. २०१८ पासून तो लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याच्या व्याख्येत येतात. त्यामुळे असे पेशंट ठेवून उपचार करणारं केंद्र ही मानसिक आरोग्य आस्थापना ठरते आणि राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे तिची नोंदणी सक्तीची होते. कायद्याने आतल्या माणसाला काय दिलंय ते ऐका. त्याला साखळीने बांधता येत नाही. सक्तीने त्याचं डोकं भादरता येत नाही. त्याच्याकडून जबरदस्तीने काम करून घेता येत नाही, आणि काम दिलं तर मोबदला द्यावा लागतो. स्वतःचे कपडे घालण्याचा, फोन करण्याचा, कोणाला भेटायचं आणि कोणाला नाही हे ठरवण्याचा त्याला हक्क आहे. जो माणूस आपणहून दाखल झाला त्याला आपणहून बाहेर पडता येतं. तपासणीपुरतं थांबवायचं झालं तर फार तर २४ तास.

आणि जो आपणहून आला नाही त्याचं काय? इथे आपल्या समाजात एक पक्का गैरसमज आहे. आई-वडिलांनी किंवा बायकोने सही केली की माणसाला कितीही दिवस ठेवता येतं, असं लोक धरून चालतात. कायदा असं म्हणत नाही. इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर माणसाच्या वतीने निर्णय घ्यायला नेमलेल्या प्रतिनिधीचा अर्ज लागतो. एका मानसोपचारतज्ज्ञाने आणि दुसऱ्या एका डॉक्टरने किंवा मानसिक आरोग्य क्षेत्रातल्या व्यावसायिकाने त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं असावं लागतं. तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याच्या बेतात आहे किंवा स्वतःची काळजी घ्यायला असमर्थ आहे, इतकी अवस्था गंभीर असावी लागते. एवढं झाल्यावरही मुदत ३० दिवसांची. पुढे ठेवायचं तर पुन्हा तपासणी आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाची संमती. या मंडळाचा अध्यक्ष जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा असतो. मंडळावर डॉक्टर असतात, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि स्वतः या आजारातून गेलेल्या किंवा अशा माणसांची काळजी घेणाऱ्या लोकांनाही जागा असते. मंडळाचा पत्ता आणि फोन नंबर केंद्रात ठळक जागी लावायचा, आणि मंडळाला फोन करायचा असेल तर पेशंटला तो फुकट करू द्यायचा, असंही कायद्यात लिहिलेलं आहे.

असा कायदा असताना घोडं कुठे अडतं? पहिलं म्हणजे, लोकांना भलतेच कागद दाखवले जातात. केंद्राच्या भिंतीवर फ्रेम केलेले दाखले असतात. जवळ जाऊन वाचलं तर एक धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा असतो, दुसरा शॉप ॲक्टचा, तिसरा कुठल्या तरी पुरस्काराचा. ट्रस्टच्या नोंदणीने तुम्हाला वर्गणी गोळा करता येते, माणूस कोंडून ठेवता येत नाही. पण लाल शिक्का आणि राजमुद्रा दिसली की घाबरलेला बाप समाधानी होतो.

दुसरी अडचण कायद्यातच आहे. अर्ज आला की प्राधिकरणाने १० दिवसांत तात्पुरती नोंदणी द्यायची आणि त्यासाठी आधी चौकशी करण्याची गरज नाही, अशी तरतूद आहे. हेतू चांगला होता, चांगल्या संस्था लालफितीत अडकू नयेत. पण परिणाम असा, की कुलूप आधी लागतं आणि ते पाहायला माणूस मागाहून येतो. नोंदणीकृत आस्थापनांचं लेखापरीक्षण दर तीन वर्षांनी व्हायचं आहे. पेशंट आत राहणार महिना-दोन महिने. म्हणजे एका तपासणीपासून दुसऱ्या तपासणीपर्यंत माणसांच्या कित्येक तुकड्या आत जाऊन बाहेर पडलेल्या असतात. विनानोंदणी केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. हॉलभर पेशंट असलेल्या चालकाला तो एका महिन्याच्या फीतून सहज भरता येतो.

तिसरी अडचण आपल्या राज्यकारभाराची. सामाजिक न्याय विभाग अनुदान देतो, आरोग्य विभाग नोंदणी करतो, मारहाण झाली की पोलीस येतात. पेशंट एकच, पण त्याची फाईल तीन कचेऱ्यांत आणि तिघांचा एकमेकांशी पत्रव्यवहार सवडीने. राज्य प्राधिकरण आणि पुनरावलोकन मंडळं नीट उभी राहावीत म्हणून मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हरीश शेट्टी यांना मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली, आणि न्यायालयाला सरकारकडे त्याचा वारंवार जाब विचारावा लागला. केंद्रावर नजर ठेवायची ज्यांनी, तेच आधी जागेवर बसवावे लागले.

आता एका तपासणीत पाहिलेलं सांगतो. केंद्राचं नाव-गाव सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका केंद्राचा नाही. तारीख त्यांना आठवडाभर आधी कळवलेली होती. दारात रांगोळी, ऑफिसात चहा आणि वेफर्स. टेबलावर फायली ओळीने मांडलेल्या. दिनक्रमाचा तक्ता सुरेख अक्षरात होता. साडेपाचला उठणे, प्रार्थना, योग, गटचर्चा. रक्तदाबाचं रजिस्टर उघडलं. पानंच्या पानं एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेली, आणि प्रत्येकाचा रक्तदाब रोज १२० वर ८०. इतकी तब्येतीने ठणठणीत माणसं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. तक्रारपेटी होती, तिची किल्ली संचालकांच्या खिशात. मंडळाचा फोन नंबर कुठेच नव्हता. पथकातले साहेब फायली पाहत होते, तेवढ्यात मी जिन्याने वर गेलो. मोरीपाशी एक माणूस पातेली घासत होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "साहेब, आज तारीख किती?" मी सांगितली. तो बोटांवर मोजू लागला आणि म्हणाला, "मग माझे तीस दिवस कधीच झाले की." खाली येऊन त्याची फाईल मागितली. दाखल करतानाचा अर्ज मेहुण्याच्या सहीचा होता. कुठल्याही डॉक्टरने त्याला तपासल्याची एक ओळ त्यात नव्हती.

अहवाल गेला. त्यावर पुढे काय झालं हे तपासणी करणाऱ्यांना कळवायची पद्धत नाही, पेशंटच्या घरच्यांना तर नाहीच नाही. पण त्या दिवशी एक गोष्ट मला पटली. फायली पाहणाऱ्याला तिथे सगळं ठीक दिसत होतं. खरं काय ते पातेली घासणाऱ्याला माहीत होतं, आणि त्याला विचारावं असं तपासणीच्या नमुन्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

म्हणून तपासणी कशी करावी, याचं माझं उत्तर साधं आहे. न कळवता जा. रविवारी जा, रात्री जा, कारण मारहाण ऑफिसच्या वेळेत होत नाही. पेशंटांपैकी कोणाशी बोलायचं ते तुम्ही निवडा, संचालकांना निवडू देऊ नका, आणि बोलताना कर्मचाऱ्यांना बाहेर थांबवा. बायका असतील तिथे पथकात बाई असलीच पाहिजे. औषधांचा साठा आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ताडून पाहा. स्वयंपाकघरात जा, पिठाचं पोतं आणि माणसांची संख्या यांचा मेळ बसतो का बघा. गेल्या तीन महिन्यांत घरी गेलेल्यांपैकी काहींना फोन लावा, कारण आत असलेला माणूस घाबरून बोलत नाही, घरी गेलेला बोलतो. आणि केंद्रात झालेल्या प्रत्येक मृत्यूची स्वतंत्र चौकशी करा, मग कारण काहीही लिहिलेलं असो.

हा प्रश्न फक्त आपलाच आहे असं नाही. अमेरिकेत उपचारानंतर व्यसनापासून लांब राहणाऱ्यांसाठी 'सोबर होम' नावाची घरं असतात. त्यांची चांगली बाजू आधी सांगतो. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यात पॉल मॉलॉय यांनी पहिलं 'ऑक्सफर्ड हाऊस' सुरू केलं. तिथे पगारी कर्मचारी नाहीत. राहणारेच मिळून घर चालवतात, भाडं वाटून घेतात, मतदानाने निर्णय घेतात. जो पिईल त्याला घर सोडावं लागतं. दार उघडं असतं, कोणीही कधीही जाऊ शकतो. अशी घरं वस्तीत नकोत म्हणून शहरांनी नियम आडवे घातले, तेव्हा प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९९५ मध्ये निकाल ऑक्सफर्ड हाऊसच्या बाजूने लागला. अशा घरावर सरकारने फौजफाटा पाठवायची गरज नाही, हे मला मान्य आहे. ज्याच्या हाती कुलूप नाही त्याची झडती कशाला?

पण त्याच देशात फ्लोरिडामध्ये याच घरांचा बाजार झाला. घरमालक माणसं गोळा करून उपचार केंद्रांकडे पाठवत आणि त्याबद्दल दलाली घेत. केंद्रं विमा कंपनीकडून लघवीच्या तपासण्यांचे भरमसाट पैसे उकळत. माणूस बरा झाला तर धंदा बसतो, म्हणून तो पुन्हा नशेत जावा हेच सोयीचं ठरलं. पाम बीच परगण्यात २०१६ मध्ये सरकारी वकिलांनी खास पथक नेमलं, तेव्हा धरपकड सुरू झाली. केनेथ चॅटमन नावाच्या चालकाला २०१७ मध्ये साडेसत्तावीस वर्षांची शिक्षा झाली. तिथे दाराला कुलूप नव्हतं, पण माणसाच्या विम्याच्या कार्डावर दुसऱ्याचा ताबा होता. कुलूप पैशाचंही असतं, हा त्यातला धडा.

ॲरिझोनाचं प्रकरण आपल्याला जास्त जवळचं आहे. सोबर होमना परवाना लागेल असा कायदा तिथे आधीपासून होता. तरीही आदिवासी लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेचे पैसे लाटण्यासाठी नावाहो आणि इतर जमातींची माणसं गाड्यांत घालून फिनिक्सला आणली गेली, घरांत ठेवली गेली, आणि न केलेल्या उपचारांची बिलं सरकारला लावली गेली. मे २०२३ मध्ये राज्यपाल केटी हॉब्स आणि महाधिवक्ता क्रिस मेज यांनी कारवाई जाहीर केली. नुकसानीचा अंदाज दोन अब्ज डॉलरांच्या पुढचा होता. पैसे थांबले, तशी घरं रातोरात बंद झाली आणि आतली माणसं परक्या शहरात रस्त्यावर आली. नावाहो राष्ट्राला आपली माणसं शोधून घरी आणण्यासाठी वेगळी मोहीम काढावी लागली. तेव्हा, नुसत्या परवान्याने माणूस सुरक्षित होत नाही, आणि आतल्यांची सोय न लावता केंद्राला टाळं ठोकणं हाही अत्याचारच आहे. छापा घालायला निघताना पोलिसांच्या गाडीमागे रुग्णवाहिका असली पाहिजे आणि रुग्णालयात खाटा राखलेल्या असल्या पाहिजेत.

इथे केंद्रचालक म्हणतील, आणि त्यांतले चांगले चालक कळकळीने म्हणतात, की "आधीच अनुदान वेळेवर येत नाही, वर इन्स्पेक्टर वाढवलेत तर आम्ही काम करायचं की त्यांची सरबराई?" त्यांचं म्हणणं खोटं नाही. तपासणी वाढली की चिरीमिरीची वाटही रुंदावते. त्यावर उपाय आहे, तपासणीचा अहवाल जसाच्या तसा लोकांसमोर ठेवणं. कायद्याने याची सोय केलेलीच आहे. कायम नोंदणीसाठी केंद्राने दिलेले पुरावे ३० दिवस जनतेसमोर ठेवून हरकती मागवायच्या आहेत, नोंदणीचं रजिस्टर ठेवायचं आहे. अहवाल उघडा झाला की लाच देऊन लपवण्यासारखं फारसं उरत नाही, आणि चांगल्या केंद्राला स्वतःची जाहिरातही करावी लागत नाही.

सरकारने दुसऱ्याचं घर तपासताना स्वतःचंही दाखवायला हवं. जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने ग्वाल्हेर, आग्रा आणि रांचीच्या भेटींनंतर देशातल्या ४६ सरकारी मानसिक आरोग्य संस्थांची अवस्था अमानवी आणि दयनीय असल्याचं नोंदवलं. बरी झालेली माणसंही आत अडकून होती. तेव्हा मोजपट्टी सगळ्यांना एकच लावावी. कुलूप खासगी असो की सरकारी, आतल्या माणसाला सारखंच टोचतं.

आणि मघाच्या त्या बाईचं काय? नवरा कोयता घेऊन उभा असताना तिने कलमं वाचत बसायचं का? नाही. कायद्यात तातडीच्या उपचारांची तरतूद आहे. जीव जायची किंवा गंभीर इजा व्हायची वेळ असेल तर कोणीही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत उपचार करू शकतो. या तीन दिवसांत थरथर, फीट आणि भ्रम यांचा मोठा धोका आटोक्यात येऊ शकतो आणि पुढचा निर्णय माणूस शुद्धीवर असताना घेता येतो. म्हणून प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि मोठ्या उपजिल्हा रुग्णालयात नशा उतरवण्यासाठी खाटा हव्यात, चोवीस तास डॉक्टर हवा. पंजाबने ऑक्टोबर २०१७ पासून अफूजन्य नशेच्या पेशंटांना बाह्यरुग्ण विभागात जिभेखाली ठेवायच्या गोळ्या द्यायला सुरुवात केली. त्यांच्यापुढचे प्रश्न संपलेले नाहीत, पण उपचारासाठी कोंडावंच लागतं हा समज त्यांनी मोडला. जिथे असे उघड्या दाराचे उपचार वाढतील, तिथे बायपासवरच्या बंगल्याची गरज आपोआप कमी होईल. एका हाताने तपासणी आणि दुसऱ्या हाताने खाटा, दोन्ही एकदम चालल्या पाहिजेत. पहिलीशिवाय दुसरी केली तर पैसा वाया जाईल, दुसरीशिवाय पहिली केली तर माणसं आणखी अंधाऱ्या जागी जातील.

सरकारकडून मला चार गोष्टी हव्यात. तात्पुरत्या नोंदणीआधी निदान एक प्रत्यक्ष भेट. इच्छेविरुद्ध माणसं ठेवणाऱ्या प्रत्येक केंद्राची तीन वर्षांऐवजी तीन महिन्यांनी, न कळवता तपासणी. प्रत्येक जिल्ह्यासाठी चालतं-बोलतं पुनरावलोकन मंडळ. आणि नोंदणीकृत केंद्रांची तपासणी अहवालांसह मराठीतली यादी, जी तहसील कचेरीत आणि मोबाईलवर कोणालाही वाचता येईल.

श्रोत्यांकडूनही एक मागणं आहे. कोणाला दाखल करायला गेलात तर फी विचारण्याआधी पाच प्रश्न विचारा. मानसिक आरोग्य प्राधिकरणाचा दाखला कुठे आहे? रात्री डॉक्टर कोण असतो? आमचा माणूस मला कोणत्या दिवसापासून फोन करू शकेल? पुनरावलोकन मंडळाचा नंबर कुठे लावलाय? माणसं जिथे झोपतात तो हॉल मला आत्ता पाहता येईल का? एकाही प्रश्नावर "तुम्ही काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं, तर आपला माणूस घेऊन परत फिरा आणि १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. कोणाला दाखल करायचं नसेल तरी या आठवड्यात आपल्या गावातल्या केंद्रात जाऊन भिंतीवरचा दाखला वाचून या. तो नसेल, तर प्राधिकरणाकडे तक्रारीचा अर्ज करा. अशी तक्रार कोणीही करू शकतो आणि तिच्यावरून तपासणीचा आदेश देण्याचा अधिकार कायद्याने प्राधिकरणाला दिलेला आहे.